तबकडीची मागची बाजू

नोव्हेंबर १९७२ मध्ये डेक्का कंपनीने ‘थिन लिझी’ या आयरिश बँडची एक छोटी तबकडी बाजारात आणली. पुढच्या बाजूला ‘व्हिस्की इन द जार’ हे आयर्लंडमधलं जुनं लोकगीत, इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेलं. मागच्या बाजूला ‘ब्लॅक बॉईज ऑन द कॉर्नर’, बँडचा गायक आणि बासवादक फिल लायनॉट याने स्वतः लिहिलेलं. पुढची बाजू आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेली. मागची बाजू फार थोड्यांनी उलटून ऐकली.

१९७५ मध्ये पुन्हा हेच घडलं. पुढच्या बाजूला ‘रोझाली’, हे अमेरिकेच्या बॉब सीगरचं गाणं. मागे लायनॉटचं ‘हाफ कास्ट’. आई गोरी आणि बाप काळा असलेल्या पोराला त्या काळी इंग्लंड-आयर्लंडमध्ये ज्या शब्दाने हिणवत, तोच शब्द गाण्याचं नाव म्हणून घेतलेला. दोन्ही वेळा दुसऱ्याचं गाणं पुढे आणि स्वतःच्या रंगाबद्दल स्वतः लिहिलेलं गाणं मागे. यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. कंपनीला जे खपेल असं वाटलं ते तिने पुढे ठेवलं. पण लायनॉटवर जे लिहिलं-बोललं जातं तेही मला त्या पुढच्या बाजूसारखंच वाटतं. काळा असूनही किती अस्सल आयरिश, रॉकचा कवी, चामड्याच्या पँटमधला देखणा बंडखोर. संगीतकार म्हणून त्याने काय केलं, याची चर्चा त्या मानाने कमी होते आणि ‘असूनही’ या शब्दाबद्दल तर जवळजवळ कुणीच बोलत नाही.

आपल्याकडे माझ्या पिढीने ‘व्हिस्की इन द जार’ बहुतेक मेटॅलिकाकडून ऐकलं. त्यांनी ते १९९८ मध्ये केलं आणि इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत ते वाजत असे. मूळ कुणाचं, हे विचारणारा एखादाच असायचा. विचारलं तरी उत्तर मिळायचं की लोकगीत आहे. ते खरंही होतं. पण मेटॅलिकाच्या गाण्यातला गिटारचा सुरुवातीचा सूर हा थिन लिझीच्या एरिक बेलचा, लोकगीतातला नाही.

लायनॉटचा जन्म २० ऑगस्ट १९४९ चा, इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचचा. आई फिलोमिना डब्लिनची, वडील ब्रिटिश गयानातून आलेले. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या काळच्या कॅथलिक समाजात कुमारी माता आणि कडेवर काळं मूल, म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना आपल्या वाचकांना द्यायला नको. मूल लहान असतानाच त्याला डब्लिनच्या क्रमलिन या कामगारवस्तीत आजी-आजोबांकडे पाठवलं गेलं आणि आई इंग्लंडमध्ये कमावत राहिली. आजीचं नाव सारा. १९७२ च्या अल्बममध्ये त्याने तिच्यावर ‘सारा’ नावाचं गाणं केलं. पुढे मुलगी झाली तिचंही नाव साराच ठेवलं आणि १९७९ मध्ये तिच्यावर दुसरं ‘सारा’ लिहिलं. रांगड्या रॉकवाल्यांमध्ये आजी आणि मुलगी यांच्यावर गाणी करणारा दुसरा मला तरी पटकन आठवत नाही.

क्रमलिनच्या शाळेत आणि गल्लीत त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी नसल्यातच जमा. बोली मात्र ठेठ डब्लिनची. तोंड उघडलं की आयरिश आणि गप्प उभा राहिला की परका. माझं नाव ऐकल्यावर “तुमची मराठी छान आहे हो” असं कौतुकाने म्हणणारी माणसं मला अधूनमधून भेटतात. हेतू वाईट नसतो. पण घरात पणजीपासून जी भाषा बोलली जाते ती छान बोलल्याबद्दल शाबासकी मिळते, तेव्हा आभार मानायचे की काय करायचं ते कळत नाही. लायनॉटच्या आयरिशपणाचं कौतुक वाचताना मला तेच होतं.

आता बासकडे येऊ, कारण खरा माणूस तिथे आहे.

बास हे काही त्याचं पहिलं प्रेम नव्हतं. १९६८ च्या सुमारास तो डब्लिनच्या ‘स्किड रो’ या बँडमध्ये नुसता गायक होता. टॉन्सिलचं ऑपरेशन करून परत आला तर त्याच्याशिवाय बँडचं भागू लागलेलं. त्याला काढलं. काढणारा ब्रश शील्स स्वतः बासवादक होता. बहुधा मनाला लागलं म्हणून त्यानेच लायनॉटला बास शिकवला आणि एक वाद्यही मिळवून दिलं. म्हणजे विशीत आल्यावर, नोकरी गेल्याची भरपाई म्हणून, हा माणूस बास शिकला आणि १९६९ संपता संपता थिन लिझी उभी राहिली. ड्रमवर ब्रायन डाउनी, त्याच्याच शाळेतला. बँड सुरू झाल्यापासून १९८३ मध्ये मोडेपर्यंत कायम राहिले ते हे दोघेच. गिटारवाले येत-जात राहिले.

उशिरा शिकलेल्याची वाजवण्याची पद्धत त्याने कधी लपवली नाही. बोटांऐवजी तो पिकने तार छेडतो, त्यामुळे प्रत्येक स्वराला काठ येतो. बोटांच्या करामती नाहीत, एकल वादनाचा सोस नाही. म्हणून गिटारच्या शौकिनांत त्याला ‘साधा बासवादक’ म्हणायची पद्धत आहे. मला हे मत मोबाइलवर गाणी ऐकून बनवलेलं वाटतं. बासची सर्वांत जाड तार मोकळी सोडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ती हवा हलवताच येत नाही. आपल्या कानावर पडतात ते त्या स्वराचे वरचे अंश, बाकीचं मेंदू भरून काढतो. लायनॉटचं काम नेमकं त्या खालच्या मजल्यावर आहे. बरे हेडफोन लावा, मग बोलू.

१९७७ चं ‘डान्सिंग इन द मूनलाईट’ घ्या. सुरुवातीला चुटक्या आणि बास, एवढंच. गाण्याचा चेहरा म्हणावा अशी ओळ बासच वाजवतो, गिटार नंतर येतात आणि बाजूला उभ्या राहतात. ती ओळ सलग नाही. मध्ये श्वास घेतल्यासारखी थांबते आणि त्या रिकाम्या जागेत तो शब्द ठेवतो. गाता गाता वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की हात आणि तोंड एकाच ठेक्यावर आपोआप येऊ पाहतात. लायनॉटचा गळा ठेक्याच्या किंचित मागून, गप्पा मारल्यासारखा चालतो आणि हात मात्र घड्याळासारखा. हे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी चाललेलं आहे हे लक्षात आलं की ‘साधा’ हा शब्द तोंडून निघत नाही.

किंवा १९७६ चं ‘द बॉईज आर बॅक इन टाऊन’. हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं, ब्रिटनमध्ये आठवं आणि अमेरिकेत बारावं. वरवर पाहिलं तर दोस्तांच्या टोळीचं दणदणीत गाणं. पण त्यातले कॉर्ड्स हार्ड रॉकच्या नेहमीच्या कोरड्या कॉर्ड्ससारखे नाहीत. सातवा स्वर मिसळलेले, जॅझकडे झुकणारे आहेत. खाली डाउनीचा झोके घेणारा शफल. वर स्कॉट गोरहॅम आणि ब्रायन रॉबर्टसन यांच्या दोन गिटार एकच सुरावट वेगवेगळ्या स्वरांवरून जोडीने गातात. ही जोडगिटारची रीत पुढे आयर्न मेडनपासून कितीतरी बँडांनी उचलली आणि वाहवा दोन गिटारना मिळाली. पण दोन आवाज वर मोकळे फिरू शकतात ते खाली कुणीतरी जागा धरून ठेवली आहे म्हणून. आमच्या धंद्यात असं काम करणाऱ्या माणसाचं नाव कधी निघतं, तर सर्व्हर बंद पडल्यावर. लायनॉट निदान बँडचा पुढारी होता. बासच्या पुढच्या पट्टीला त्याने आरसा बसवून घेतला होता, आणि रंगमंचावरचा प्रकाशझोत तो प्रेक्षकांच्या तोंडावर फिरवायचा.

त्याचं सगळंच मला आवडतं असं नाही. तुरुंग फोडणारे, पिस्तूलवाले, पोरी पटवणारे नायक त्याच्या गाण्यांत फार आहेत आणि दहाव्या वेळी ते ढोंग वाटतं. ‘जेलब्रेक’ची धून झकास आहे, पण शब्दांत दम नाही. जिथे तो ओळखीच्या माणसांबद्दल लिहितो तिथे तो मोठा गीतकार आहे. १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’ या अल्बमबद्दलचा जुना वाद माहीत असेल. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणत आला की त्यातलं बरंचसं नंतर स्टुडिओत भरलं आहे, बँडवाले ते नाकारत आले. मला त्यात फारसा रस नाही. अल्बम ऐकण्यासारखा आहे.

आयर्लंडचं म्हणाल तर ते त्याच्या गाण्यांत पहिल्या अल्बमपासून आहे. १९७१ च्या त्या अल्बममध्ये ‘एअरा’ नावाचंच गाणं आहे. १९७३ च्या अल्बमचं शीर्षक सिंगच्या प्रसिद्ध नाटकाच्या नावावर बेतलेलं. मुखपृष्ठं जिम फिट्झपॅट्रिक या डब्लिनच्या चित्रकाराची, जुन्या केल्टिक नक्षीची. १९७९ मध्ये ‘रोशीन दूव’ आलं. हे आयरिश भाषेतलं जुनं नाव, अर्थ ‘काळा गुलाब’. इंग्रजांच्या राज्यात उघडपणे देशाचं नाव घेता येत नसे तेव्हा कवींनी आयर्लंडला हे नाव दिलं होतं. सात मिनिटांच्या त्या रचनेत जुन्या लोकधुना हार्ड रॉकच्या वेगाने येतात, बेलफास्टच्या गॅरी मूरची गिटार त्या खेळवते, आणि शेवटी जॉइस, येट्सपासून फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टपर्यंत आयरिश माणसांची नावं येतात. देशाचं नाव काळा गुलाब, आणि ते गाणारा डब्लिनचा काळा मुलगा. त्याने यावर भाष्य केलं नाही, अल्बमला ‘ब्लॅक रोझ’ हे नाव दिलं आणि पुढे गेला. मागच्या बाजूचं गाणं त्याने असं पुढच्या बाजूला आणलं.

याला बरेच समीक्षक ‘त्याने आपलं आयरिशपण सिद्ध केलं’ असं म्हणतात. माझा विरोध इथे आहे. व्हॅन मॉरिसन बेलफास्टचा गोरा मुलगा. त्याने अमेरिकेतल्या काळ्यांचे ब्लूज आणि सोल पोटभर गायले, आणि बरोबरच केलं. त्याने काही सिद्ध केलं असं कुणी म्हणत नाही, आवडलं म्हणून गायला, एवढंच म्हणतात. लायनॉटने आजीच्या घरात, शाळेत, गल्लीत ऐकलेलं गायलं तर तो मात्र पुरावा ठरतो. शिवाय रॉक हे संगीतच मुळात चक बेरी, लिटल रिचर्ड यांच्यासारख्या काळ्या कलावंतांच्या हातून वाढलेलं. सत्तरच्या दशकात ते इतकं गोरं झालं होतं की त्यात काळा माणूस दिसला की लोक एकदम हेंड्रिक्सचं नाव घ्यायचे.

शेवट वाईट झाला. हेरॉइन शरीरात मुरलेलं होतं. १९८३ मध्ये बँड मोडला, नंतरच्या ‘ग्रँड स्लॅम’ला कुणी रेकॉर्ड कंपनी मिळाली नाही. १९८५ मध्ये तो आणि गॅरी मूर, म्हणजे एक दक्षिणेतला आणि एक उत्तरेतला, यांनी मिळून ‘आउट इन द फील्ड्स’ केलं. उत्तर आयर्लंडमधल्या धर्माच्या नावावरच्या रक्तपातावरचं हे गाणं ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेलं. ४ जानेवारी १९८६ रोजी तो वारला, वय ३६. डब्लिनच्या सेंट फिंटन्स दफनभूमीत त्याला पुरलं आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये डब्लिनच्या ऐन बाजारपेठेत, ग्राफ्टन स्ट्रीटला लागून असलेल्या हॅरी स्ट्रीटवर त्याचा पुतळा उभा राहिला. त्याच्या चौदा महिने आधी, जून २००४ मध्ये, आयर्लंडने सार्वमत घेऊन राज्यघटना बदलली होती. देशात जन्मलं म्हणजे नागरिक, हा हक्क परदेशी आईबापांच्या मुलांसाठी काढून टाकला. ७९ टक्के मतं बाजूने पडली. जानेवारी २००५ पासून कायदा असा की अशा आईबापांपैकी एकाने आधीच्या चार वर्षांतली किमान तीन तिथे कायदेशीरपणे काढलेली असावीत. लायनॉटला स्वतःला याने काही फरक पडला नसता, त्याची आई आयरिश होती. पण ज्या महिन्यात त्याच्या पुतळ्यावरचा पडदा उघडला, त्याच महिन्यात क्रमलिनमध्ये एखाद्या गयानाच्या किंवा नायजेरियाच्या जोडप्याला झालेलं मूल, तिथल्याच शाळेत जाऊन ठेठ डब्लिनचीच बोली बोलू लागलं, तरी जन्माने आयरिश ठरेल की नाही हे आईबापांच्या कागदांवर ठरतं. ती मुलं आता विशीत आहेत. त्यांच्यातल्या एखादीला बास वाजवता येतही असेल. नसलं येत तर काय, हे त्या ७९ टक्क्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं.