डॉक्टर कधीपासून जागे आहेत?

सासरे एका सरकारी रुग्णालयाच्या आयसीयूत नऊ दिवस होते. रविवारी सकाळी ज्या निवासी डॉक्टर मुलीने माझी संमतीची सही घेतली, तीच सोमवारी संध्याकाळी पुन्हा कागद घेऊन बाहेर आली. पेशंटशी माझं नातं काय, हे तिने तिसऱ्यांदा विचारलं. मी फटकारलं तिला. रात्री बाकावर बसून बोटांवर तास मोजले तेव्हा लाज वाटली. ३४ तास झाले होते. पुढचे मुद्दे त्या हिशेबातून निघालेले आहेत.

१. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या, न आवरलेल्या ताणाची ती अवस्था आहे. अंगातलं त्राण जातं, कामाविषयी कडवटपणा येतो, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. म्हणजे औषध द्यायचं ते कामाच्या रचनेला. आपल्याकडे मात्र ध्यानाचं शिबिर भरतं, तेही नाइट संपवून निघालेल्यांसाठी सकाळी नऊला. ध्यानाशी माझं वैर नाही, पण आधी त्यांना निजू द्या.

२. एसटीच्या चालकाने किती तास गाडी चालवावी, याला कायदा आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८, हा सर्वसाधारण नियम होता. निवासी डॉक्टरांसाठीही केंद्राने १९९२ मध्ये असंच ठरवलं होतं: सलग १२ तासांहून जास्त काम सहसा नको, आठवड्याला ४८. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत आकडा नाही, 'वाजवी' तास एवढाच शब्द आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ७४ तासांची. बत्तीस वर्षांत ४८ वरून ७४, आणि हीसुद्धा सुधारणा म्हणायची, कारण ३६ तासांची सलग ड्युटी कुणाला नवलाची वाटत नाही.

२४ तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष कितपत चालतात, हे १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम मद्य असावं, तितपत. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमच्या वर पोलीस गाडी बाजूला घेतात. त्याच अवस्थेतल्या हाताने आपल्या माणसाच्या मानेत सेंट्रल लाइन टाकली जाते आणि आपण बाहेर मारुतीस्तोत्र म्हणत बसतो.

३. "आम्हीही असंच शिकलो," हे ज्येष्ठांचं उत्तर. शिकले असतील. चुकाही केल्या असतील, त्या कुणी मोजल्या नाहीत.

४. नुसते तास कमी केले की झालं, असंही नाही. माणसं तेवढीच ठेवून पाळ्या तोडल्या तर हँडओव्हर वाढतात, आणि हँडओव्हरमध्ये गोष्टी निसटतात. सकाळी बदललेला डोस रात्रीच्या डॉक्टरला कळतच नाही. म्हणून खरा प्रश्न पदांचा आहे, आणि तो सगळ्यात उघडा पडतो तो सिस्टरांच्या बाबतीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे आयसीयूत दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा पदं. मी पाहिलं ते असं: एक सिस्टर, तीन व्हेंटिलेटर. एकाचं सक्शन चाललेलं असताना दुसऱ्याचा मॉनिटर ओरडतो, तिसऱ्याचा इन्फ्युजन पंप संपतो, आणि दारातून कुणीतरी विचारतं, "सिस्टर, पेशंटने डोळे उघडले का?" ते विचारणारा मीच होतो. तिने पाणी प्यायलेलं मी पाहिलं नाही.

५. मावशी, कक्षसेवक, १०८ च्या गाडीवरचे डॉक्टर आणि चालक यांच्या थकव्याची तर चर्चाही होत नाही. बहुतेक कंत्राटी. दमलो म्हणाले तर उद्यापासून येऊ नका, हे उत्तर तयार असतं.

६. काही विपरीत घडलं की सर्वांत शेवटी उभा असलेला माणूस सापडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून किमान ११ रुग्ण गेले. अटक झालेल्यांत वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ मृत्यू झाले, तेव्हा एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. सफाईची पदं भरली आहेत का, हे विचारायला ना झाडू लागतो ना कॅमेरा.

७. पाठ टेकायला जागा. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो तळघरात, ड्युटी संपवून कपडे बदलायला त्या तिथे गेल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातली डॉक्टर रात्री सेमिनार हॉलमध्ये जरा पाठ टेकून पडली होती, तिथेच तिच्यावर हल्ला झाला. मध्ये पन्नास वर्षं गेली. कडी लागणारी, दिवा असलेली, ड्युटीच्या जवळची एक खोली, एवढी साधी मागणी अजून मोर्च्यांच्या पत्रकांत छापावी लागते.

८. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत शिरताना फलक दिसतो: डॉक्टरांवर हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. २०१० चा कायदा, हवाच. त्याच्या शेजारी आणखी एक फलक आपण, रुग्णांच्या नातेवाइकांनी, मागून घ्यावा. आज आयसीयूत रुग्ण किती, सिस्टर किती, मंजूर पदांपैकी रिकामी किती, आणि ड्युटीवरचे डॉक्टर किती वाजल्यापासून जागे आहेत. खडूने लिहिला तरी चालेल, फक्त दर पाळीला पुसून नवा लिहायचा.