पोहता येते का?

मॉरिशसच्या सहलीत आम्ही दोराने धबधबा उतरलो, हे ऐकून काही मित्र नाराज झाले. चळवळीतल्या माणसाला ही चैन शोभते का? आमच्या मते शोभते.

हेन्रिएट्टा गावाजवळून तामारिनच्या सात धबधब्यांकडे वाट उतरते. नवशिक्यांसोबत वाटाड्या असतो. तोच हेल्मेट, पट्टे चढवतो, दोर तपासतो. खडक काळा, आपल्या सह्याद्रीसारखाच. मागे रेलून पाय रोवायचे. पहिल्या पावलाला पोटात गोळा येतो, पण आमच्या पोटात तो आधीच आला होता. वाटाड्याने विचारले, ‘पोहता येते का?’ आम्ही गप्प! गावात विहीर होती, तळे होते. आमच्या बापाला काठावर उभे केले नाही, मग पोहायला शिकवणार कोण? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. पाण्यात उडी घेण्याचा सराव मात्र आमच्या कितीतरी घरांत अजून बाकीच आहे. याच बेटावर १८३५ पर्यंत गुलामी होती. मळ्यांतून पळालेले गुलाम ल मॉर्नच्या कड्यावर लपत. तिथल्या वाटाड्याने जॅकेट चढवून, हात धरून आम्हाला डोहात उतरवले.

परतल्यावर पालिकेच्या तलावाचे दोन अर्ज आणले. एक नातीचा, दुसरा आमचा.