छायाचित्रणाचा छंद

मुलांच्या हाती कॅमेरा देणे म्हणजे पैशाची व वेळेची नासाडी होय, असे पुष्कळ पालकांचे मत आढळते. आम्हांस ते पटत नाही. फिल्मच्या एका रोलावर फार तर ३६ चित्रे निघतात. म्हणून कळ दाबण्यापूर्वी विद्यार्थ्यास विचार करणे भाग पडते. औशाच्या किल्ल्याचा तट भर दुपारी टिपला तर सपाट दिसतो. तोच तिरप्या उन्हात टिपावा, म्हणजे दगडन्‌दगड उठून येतो. त्यासाठी पहाटे उठून थांबावे लागते, हे काय थोडे शिक्षण झाले?

चलच्चित्राचेही तेच. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर प्रथम नाटक रंगविले नाही. वाटाण्याचा दाणा पेरून ते रोपाची रोज चित्रे घेत गेले, आणि 'अंकुराची वाढ' हा लघुपट सिद्ध झाला. तो दाखवूनच त्यांनी 'राजा हरिश्चंद्रा'साठी भांडवल मिळविले.

मात्र चित्र काढून पेटीत कोंडू नये. ज्यांच्या गावाचे ते असेल त्यांस एक प्रत द्यावी. किल्लारीचे जुने गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने कोसळले व वस्ती दुसरीकडे गेली. तेथील एखाद्या वृद्धाच्या हाती आज जुन्या गल्लीचे छायाचित्र पडले, तर कोणाचे दार कोणते, हे तो बोटाने दाखवू लागेल. ह्यास उधळेपणा म्हणावयाचे काय?

महागडा कॅमेरा घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. फडताळातला जुना चालेल. फिल्म परवडत नसेल, तर मोबाइलवर दिवसाला एकच चित्र घेण्याचा नियम पालकांनी घालून द्यावा.