रोहित्राचे अंतर तासांत मोजावे

वीजवितरणाची सार्वजनिक चर्चा बहुधा दरवाढ, थकबाकी आणि भारनियमन या तीन विषयांभोवतीच फिरत राहते, आणि रोहित्रे, खांब, तारा, इन्सुलेटर व मीटर ज्या भांडारातून गावोगाव जातात त्या भांडाराची रचना हा हिशेबनिसांचा विषय मानला जातो. राज्य विद्युत मंडळाचे विभाजन ६ जून २००५ पासून अमलात येऊन उभ्या राहिलेल्या महावितरणपुढे मात्र कृषी वाहिन्यांचे सौरीकरण, स्मार्ट मीटर आणि दुर्गम पाड्यांचे विद्युतीकरण ही कामे एकाच वेळी येऊन ठेपली असताना, भांडारे कुठे असावीत, त्यांत काय व किती ठेवावे आणि ते कोणत्या वाहनाने न्यावे हा प्रश्न थेट धोरणाचा झाला आहे. जळगाव परिमंडळातल्या नंदुरबार जिल्ह्यात त्याचे उत्तर चुकले, तर त्याची किंमत सातपुड्यातल्या पाड्यांना मोजावी लागेल.

साठवणशास्त्राचा एक प्रसिद्ध निष्कर्ष केंद्रीकरणाच्या बाजूने आहे. अनपेक्षित मागणीसाठी राखून ठेवलेल्या जादा मालाला सुरक्षित साठा म्हणतात, आणि विखुरलेली भांडारे एकत्र केली की हा साठा त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे चार भांडारांचे एक केले तर तो निम्म्यावर येतो आणि तेवढे भांडवल मोकळे होते. या हिशेबामागे दोन गृहीतके आहेत : एका ठिकाणची मागणी दुसऱ्या ठिकाणच्या मागणीपासून स्वतंत्र असते, आणि भांडारापासून प्रत्येक गावाचा रस्ता बाराही महिने खुला असतो. नंदुरबारमध्ये ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत. पहिल्या वादळी पावसात विजा पडून आणि झाडे कोसळून एकाच आठवड्यात अनेक ठिकाणी बिघाड होतात, तर रब्बीत शहादा-तळोदा पट्ट्यातले ऊस, केळी आणि पपईचे पंप एकाच सुमारास चालू होऊन रोहित्रांवर क्षमतेपेक्षा अधिक भार येतो. जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तापीच्या उत्तरेस असल्याने दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला आधी तापीवरचा पूल ओलांडावा लागतो, आणि धडगावकडे जाताना त्यापुढे घाट चढावा लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून तळोदा-धडगाव वाहतूक बंद पडली होती, हे जिल्हा अजून विसरलेला नाही.

ज्याला गावात सगळे डीपी म्हणतात त्या वितरण रोहित्राचेच उदाहरण घ्यावे. शंभर केव्हीए क्षमतेचे रोहित्र तेलासह अर्ध्या टनाच्या घरात जाते. ते चढवायला-उतरवायला साखळी-कप्पी आणि पाच-सहा माणसे लागतात, आणि ओढ्याला पाणी असेल तर ट्रॅक्टरही अलीकडेच थांबतो. त्याच्या श्वसनपात्रात निळी सिलिका जेल असते, ती आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषते आणि भिजली की गुलाबी होते. उघड्या आवारात पावसाळाभर पडून राहिलेल्या रोहित्राची जेल गुलाबी झालेली असेल आणि तेलाची चाचणी न करताच ते बसवले, तर नवे म्हणून आलेले रोहित्र काही दिवसांत पुन्हा जळण्याचा धोका राहतो. छपराखालची कोरडी जागा, तेलचाचणीचे यंत्र आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढण्याची शिस्त या गोष्टी इमारतीच्या नकाशात शेवटी बसवल्या जातात. त्या सर्वांत आधी बसवल्या पाहिजेत.

विद्युत नियामक आयोगाच्या कृतीच्या मानकांनुसार ग्रामीण भागातले नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलणे अपेक्षित आहे, तरीही राज्याच्या अनेक भागांत शेतकऱ्यांना वर्गणी काढून, स्वतःचा ट्रॅक्टर जोडून डीपी आणावी लागते. ही वर्गणी म्हणजे कंपनीच्या वाहतूक खर्चाचा हिशेबात न दिसणारा भाग आहे आणि तो सर्वांत गरीब ग्राहकावर पडतो; ही गोष्ट अन्यायाची आहे. तिचे मूळ नव्या रोहित्रांच्या तुटवड्याइतकेच जळालेल्या रोहित्रांच्या परतीच्या प्रवासात आहे. जळालेले रोहित्र भांडारात जमा होते, दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराकडे जाते, चाचणी होऊन परत येते आणि पुन्हा बाहेर पडते. या चक्राचा एक फेरा दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात पूर्ण झाला, तर तेवढ्याच रोहित्रांत दुप्पट गरज भागते. म्हणून नव्या रचनेत ‘किती शिल्लक’ या नोंदीशेजारी ‘किती दिवस कुठे अडकले’ ही नोंद हवी.

पुढच्या काळात मालाचे स्वरूपही बदलणार आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच हिस्सा भरावा लागत असल्याने आदिवासीबहुल नंदुरबारला तिचे महत्त्व मोठे आहे. तथापि पंपाची पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, आणि सुटा कंट्रोलर किंवा पॅनेल धडगावात मिळत नसेल तर कागदावरची हमी शेताला पाणी देत नाही. पुरवठादारांनी सुट्या भागांचा किमान साठा तालुक्यातच ठेवावा, अशी अट महावितरणने करारात घालणे योग्य ठरेल.

मोठे भांडार सखल भागात असावे, याबद्दल वाद नाही. नंदुरबार आणि नवापूर ही दोन्ही गावे सुरत-जळगाव लोहमार्गावर असल्याने जड माल तिथे उतरवणे सोयीचे आहे. त्याखाली धडगाव आणि मोलगी येथे हंगामी उपभांडारे हवीत, आणि तिथे किंमत पाहून माल ठेवू नये, तर ज्यावाचून वीजपुरवठा सुरूच होत नाही तो माल ठेवावा : २५ आणि ६३ केव्हीएची चाचणी झालेली रोहित्रे, रॅबिट तार, पिन इन्सुलेटर, डीओ फ्यूज आणि डोंगरात खांद्यावरून नेता येतील असे दोन तुकड्यांत जोडायचे हलके खांब. असा आगाऊ साठा करणे जिल्ह्याला नवीन नाही. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना नवसंजीवन योजनेखाली धान्य आधीच पोहोचवले जाते, आणि नर्मदाकाठच्या गावांसाठी ती शिस्त प्रशासनाच्या अंगवळणी पडली आहे. तीच शिस्त विजेच्या सामानाला लावावी, त्यासाठी लागणारा जादा साठा परिमंडळाने खर्चिक ठरवून कापू नये, आणि दर वर्षी ३१ मेपूर्वी तो घाट चढून वर गेला आहे याची खात्री अधीक्षक अभियंत्यांनी स्वतः करून घ्यावी.