बायनरी ताडून पाहता आली पाहिजे

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, म्हणून ते भरवशाचे, असे आपण धरून चालतो. पण आपल्या संगणकावर बहुधा उतरते ती त्या कोडपासून दुसऱ्या कुणीतरी आधीच तयार केलेली बायनरी. धान्य डोळ्यांदेखत निवडले, पण घरी आलेले पीठ त्याच धान्याचे आहे का हे कळायला मार्ग नाही, अशी ही गत आहे. तयार बायनरी देण्याला माझा विरोध नाही. जी पुन्हा बनवून ताडता येत नाही, ती देण्याला आहे.

हा धोका काल्पनिक नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. माग काढत ते ‘एक्सझेड’ या फाइली आकसणाऱ्या लायब्ररीपर्यंत पोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट होती. घातक कोड चाचणीच्या फाइलींच्या वेषात सर्वांसमोर पडून होता. पण बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून बायनरी बनताना, तो लायब्ररीत मिसळण्याची सुरुवात करून देणारी स्क्रिप्ट सार्वजनिक गिट भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. गिटमधली ओळ न् ओळ वाचणाऱ्यालाही ती सापडली नसती. हे करणाऱ्या सहविकासकाच्या खात्याने दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून प्रकल्पाचा विश्वास कमावला होता.

मग प्रत्येकाने घरीच बिल्ड करावे का? मुळीच नाही. पायथनच्या सायपाय या गणिती लायब्ररीसाठी सी आणि फोर्ट्रानचे कंपायलर जुळवणे हे नवख्याचे काम नव्हे. ‘व्हील’ या तयार पॅकेजांनी ती वाट खरोखर सोपी केली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एक्सझेडचा टारबॉल पुन्हा बिल्ड केला असता तर तीच दूषित बायनरी मिळाली असती. खरे आहे. म्हणूनच बिल्ड थेट सार्वजनिक गिट इतिहासातून व्हावे आणि दोन स्वतंत्र यंत्रांवर बाइट न् बाइट सारखे यावे, या दोन्ही अटी एकत्र हव्यात. वेळेची नोंद, फाइलींचा क्रम, फोल्डरचा पत्ता अशा क्षुल्लक गोष्टींनीही बायनरी बदलते, त्यामुळे हे किचकट आहे. पण डेबियन या लिनक्स वितरणाने २०१३ पासून नेट लावून आपली बहुसंख्य पॅकेजेस तिथवर आणली आहेत.

हा भार एकट्या बिनपगारी स्वयंसेवकावर टाकणे मात्र अन्याय आहे. एक्सझेडही वर्षानुवर्षे जवळपास एकाच माणसाच्या खांद्यावर होती. केंद्र सरकारने २०१५ च्या धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले आहे. आता निविदेत बायनरी पुन्हा बनवून ताडण्याची अट घालावी, आणि त्या कामाचे पैसेही निविदेतच धरावेत.