नवं जनावर आधी लांब बांधा

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी सकाळी पुण्याहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे न्यू जर्सीत सकाळचा चहा चालला होता, त्याच्याकडे संध्याकाळ. आठ महिन्यांपूर्वी त्याने खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी सुरू केली. त्यात क्लाऊनफिशची एक जोडी आहे. आता त्याने एक पिवळी गोबी आणली होती. कॅमेरा टाकीकडे वळवून तो म्हणाला, "दादा, पिशवी पाण्यात तरंगत ठेवून वीस मिनिटं झाली. आता सोडू ना?"

मी म्हणालो, "थांब. सोडू नकोस."

"का? दिसायला एकदम झकास आहे. दुकानात माझ्यासमोर खाल्लं त्याने."

अगदी हेच वाक्य मी तीन वर्षांपूर्वी बायकोला म्हणालो होतो. ते फार महागात पडलं, म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: ज्याच्या घरात नव्या माशाला महिनाभर वेगळं ठेवायला एक छोटी टाकी मावत नाही, त्याच्या मोठ्या टाकीत नव्या माशालाही जागा नाही. हे ऐकायला कडक वाटेल. पण चूक आपली असते आणि किंमत मात्र आधीपासून सुखाने राहणारे मासे मोजतात.

माझी टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची. तिच्यात क्लाऊनफिशची जोडी, एक गोबी, थोडे प्रवाळ, गोगलगायी आणि एक कोळंबी असा संसार. क्लाऊनफिशची नावं लेकीने ठेवलेली: मोठी मादी लाडू आणि लहान नर पेढा. लाडू आमच्याकडे पाच वर्षं होती. लेकीच्या जन्मानंतर काही महिन्यांतच आली, त्यामुळे लेकीला ती नसलेलं घर माहीतच नव्हतं.

एका शुक्रवारी ऑफिसातून येताना मी फायरफिश घेऊन आलो. पुढून पांढरा, मागे लालभडक होत जाणारा, पाठीवर तुऱ्यासारखा उंच पर. वेगळी टाकी कुठे ठेवायची? दोन बेडरूमचं भाड्याचं अपार्टमेंट, त्यात थंडीचे दिवस. मासा छान दिसत होता, खात होता. मी पिशवी तरंगवली, तापमान जुळवलं आणि मासा सोडून दिला.

पाचव्या दिवशी लाडूच्या शेपटीवर मिठाच्या कणासारखे तीन-चार ठिपके दिसले. आठव्या दिवशी ते नाहीसे झाले. मी निश्चिंत झालो, मित्रांना सांगितलंसुद्धा की आपोआप बरं झालं. चौदाव्या दिवशी लाडू आणि पेढा दोघांच्याही अंगावर रवा भुरभुरल्यासारखं झालं होतं आणि फायरफिश पाण्याच्या वर येऊन भराभर श्वास घेत होता.

ठिपके गेले म्हणजे आजार गेला, ही माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिथूनच तो वाढत होता. हा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स, बोलीभाषेत मरीन इक. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून साधारण तीन ते सात दिवस पोट भरतो. मग अंगावरून गळून पडतो आणि दगडावर, वाळूत, काचेवर स्वतःभोवती कवच करून बसतो. याच वेळी आपल्याला मासा स्वच्छ दिसतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. काही कवचं तीन दिवसांत फुटतात, काहींना चार आठवडे किंवा त्याहूनही जास्त लागतात. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण बंद काचेच्या टाकीत मासा जाणार कुठे? समुद्रात हा परजीवी असतोच, पण तिथे पाणी अथांग असतं. आपल्या टाकीत प्रत्येक पिढीला त्याच दोन-तीन माशांवर ताव मारता येतो.

यावर खात्रीचं औषध तांबं. पण तांब्याने गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ मरतात, शिवाय टाकीतले दगड ते शोषून घेतात. म्हणजे मोठ्या टाकीत औषध घालायची सोयच नाही. रात्री अकरा वाजता मी कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा रिकामा केला, मिठाचं पाणी कालवलं, चारही मासे त्यात घेतले आणि औषध सुरू केलं. फायरफिश त्याच रात्री गेला. लाडू तिसऱ्या दिवशी गेली. पेढा आणि गोबी वाचले, पण पहिले दोन आठवडे मी रोज पाणी बदलत होतो. डब्यात घाण पचवणारे जिवाणू नव्हते आणि अमोनिया सारखा वाढत होता.

मोठी टाकी तोवर रिकामी ठेवावी लागली. टाकीत मासाच नसला की परजीवी उपाशी मरतो. त्यासाठी या छंदातली अनुभवी मंडळी ७६ दिवस सांगतात. ७६ दिवस आमच्या हॉलमध्ये निळा दिवा लागत होता, प्रवाळ डुलत होते आणि मासा एकही नव्हता. लेकीने एकदा विचारलं, "बाबा, त्या नवीन फिशने लाडूला आजारी केलं का?" मी हो म्हणालो. तेव्हा ते उत्तर सोपं वाटलं, पण खरं नव्हतं. तो बिचारा फायरफिश स्वतःहून आला नव्हता. त्याला आणून सोडला मीच.

गंमत अशी की नोकरीत मी ही चूक कधी केली नसती. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा, नवा कोड थेट प्रॉडक्शनवर टाकतोस का? आधी स्टेजिंग सर्व्हरवर चालवून बघतो आणि मगच पुढे जातो. तिथे 'दिसायला झकास आहे' हे कारण मॅनेजर ऐकून घेणार नाही. कोड परत मागे घेता येतो, मासा घेता येत नाही, तरी घरी येऊन मी नेमकं उलटं केलं.

आणि इंजिनिअरिंग कशाला हवं? साताऱ्याकडे आमच्या आजोबांचा गोठा होता. बाजारातून म्हैस आणली की ती पहिले पंधरा दिवस गोठ्यात यायचीच नाही. परड्यात लांब बांधायची, तिचं पाणी वेगळं, वैरण वेगळी, आणि तिच्याकडे जाणारा माणूस आधी घरच्या जनावरांचं करून मग तिकडे जायचा. आजोबा म्हणायचे, "बाजारात शंभर गावची जनावरं येत्यात. हिच्या अंगाला काय लागलंय कुणाला ठाऊक?" लाळ्या-खुरकुताने अख्खा गोठा बसलेला त्यांनी पाहिला होता. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, ते याच कारणाने. क्वारंटाईन हा शब्दसुद्धा व्हेनिसच्या बोलीतल्या 'चाळीस दिवस' या शब्दांवरून आला. रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक बंदराने १३७७ मध्येच साथीच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम केला होता. म्हणजे आजोबा आणि रागुसा दोघांचंही म्हणणं एकच.

यावर मी ऐकलेले आक्षेप तीन. पहिला, दुकानदाराने आधीच ठेवून घेतलेला असतो. काही दुकानं खरोखर ठेवतात. पण बऱ्याच ठिकाणी अनेक टाक्यांना एकच पाणी फिरत असतं, आणि आपण निवडलेल्या माशाच्या शेजारी काल नवा माल आलेला असतो. दुसरा, लसूण घातलेलं खाणं किंवा यूव्ही दिवा पुरेसा आहे. दिव्यातून जेवढं पाणी जातं तेवढंच तो निर्जंतुक करतो, माशाच्या कातडीत बसलेल्याला तो काही करत नाही. लसणाने खाण्याची रुची वाढेल कदाचित, पण लसणाच्या भरवशावर लाडूला सोडू नये, एवढं मी शिकलो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: छोट्या टाकीत माशाला त्रास होतो, कित्येक मासे क्वारंटाईनमध्येच मरतात. मरतात, पण ते वेगळं ठेवल्यामुळे नाही, वाईट ठेवल्यामुळे. ३०-४० लिटर पाणी म्हणजे चुका पोटात घालणारी टाकी नव्हे. म्हणून मी काय करतो ते सांगतो.

दहा गॅलनची, म्हणजे साधारण ३८ लिटरची साधी काचेची टाकी, तळाला वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचे चार तुकडे. हीटर, थर्मामीटर आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. हा स्पंज मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये कायम पडलेला असतो. त्यामुळे त्यात जिवाणू तयार असतात आणि मासा यायच्या दिवशी तो उचलून इकडे लावता येतो. अमोनियाची चाचणी पहिले दोन आठवडे रोज, आणि आकडा जरा वर गेला की पाणी बदलायचं. बाष्पीभवनाने छोट्या टाकीतलं पाणी भराभर खारट होतं, म्हणून रोज गोडं पाणी भरून पातळी राखायची. भरताना खारं पाणी घालायचं नाही, कारण उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. वर जाळी हवीच, घाबरलेला मासा उडी मारतो. दुकानात क्षारता बऱ्याचदा कमी ठेवलेली असते, तेव्हा सुरुवातीला पिशवीतल्या पाण्याइतकीच ठेवायची आणि मग काही दिवसांत हळूहळू वाढवायची. जाळं, बादली, नळी सगळं वेगळं. आजोबांच्या नियमाने आधी मोठ्या टाकीचं काम, मग छोटीचं, मग हात धुवायचे. शक्य असेल तर खोलीही वेगळी. आमची छोटी टाकी कपाटाशेजारी माझ्या ऑफिसच्या टेबलावर असते. हे सगळं सामान मला शंभर डॉलरच्या आत पडलं. लाडूच्या वेळी औषधं, मीठ आणि चाचण्यांवर त्याच्या दुपटीने खर्च झाला होता.

औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं की लक्षण दिसल्यावर, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी आधी बघतो. छोट्या मोकळ्या टाकीत परजीवी असेल तर त्याला सावज हाताशीच असतं, त्यामुळे चार आठवड्यांत तो बहुतेक वेळा दिसतोच. तांब्याची बाटली आणि तांबं मोजायची चाचणी दोन्ही घरात आणून ठेवलेली असतात. मोजल्याशिवाय तांबं घालू नये. कमी पडलं तर परजीवी मरत नाही, आणि जास्त झालं तर मासा मरतो.

या तीस दिवसांकडे मी आधी शिक्षा म्हणून बघायचो. आता तसं वाटत नाही. माझा फायरफिश प्रशांत महासागराच्या कुठल्या तरी प्रवाळावरून पकडला गेला, पिशवीत बांधला गेला, विमानाने आला, घाऊक व्यापाऱ्याकडून दुकानात आणि दुकानातून माझ्याकडे. इतक्या प्रवासानंतर मी त्याला अशा टाकीत सोडला जिथे प्रत्येक कोपऱ्याला आधीच मालक होता. लाडू तर पहिल्या दिवशीच त्याच्या अंगावर धावून गेली होती. आई-बाबा भारतातून येतात तेव्हा आपण काय करतो? पहिले चार दिवस झोपू देतो, कुणाला भेटायला नेत नाही, वेळी-अवेळी भूक लागली तर वरण-भात पुढे करतो. नव्या माशालाही तेवढंच हवं असतं: अंधारा कोपरा, शांतता, आणि दुसऱ्याने पळवून न नेलेला घास. छोटी टाकी त्याला ते देते. जुन्यांचं रक्षण आणि नव्याचं स्वागत, दोन्ही तिच्यातच होतं.

पेढा अजून आहे. क्लाऊनफिशमध्ये मादी गेली की नराची मादी होते, तशी तो आता 'ती' झाली आहे आणि अंगाने लाडूएवढी होत आली आहे. नाव बदलायला लेक तयार नाही.

मावसभावाने त्या संध्याकाळी जरा कुरकुर केली, पण माळ्यावरून जुनी ४० लिटरची टाकी काढली. मोठ्या टाकीच्या फिल्टरमधल्या मूठभर सिरॅमिक रिंगा तिच्यात टाकल्या आणि पाणी कालवेपर्यंत मासा एका बादलीत हवेच्या नळीवर ठेवला. आज चौदावा दिवस. गोबी खातेय, अंगावर काही दिसत नाही. तो रोज रात्री फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "दादा, आता सोडू?"

मी रोज एकच उत्तर देतो. आज दिलं, "सोळा दिवस राहिले."