कौतुक पुरे, आधी बिल फेडा



दरवर्षी २७ जूनला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा दिवस पाळतात. देशाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के, असे भाषणांतून ऐकू येते. खरेच आहे ते. पण आमच्या पेडणे-डिचोलीतल्या पोदेराला, कुंभाराला, खाजेकाराला भाषण नको, वेळेवर पैसे हवेत.

पोदेराचाच हिशेब बघा. मैदा, सरपण, भट्टीवरच्या माणसांची मजुरी, सगळे रोख. घरोघरी विकलेल्या पावाचे पैसे लगेच हातात पडतात. हॉटेलला दिलेल्या पावाचे मात्र 'पुढच्या महिन्यात बघू'. मोपा विमानतळामुळे गिऱ्हाईक वाढेल म्हणतात, वाढो बापडे. पण मोठे गिऱ्हाईक म्हणजे मोठी उधारीही.

२००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायला हवे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. पण त्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. आणि तक्रार करणार कोण? तक्रार केली की गिऱ्हाईक गेले! म्हणून देणाऱ्यानेच लाज बाळगली पाहिजे.

यात आम्हीही आलो. फेस्त थाटात होते, मग मंडपवाला आणि बँडवाला कमिटीच्या दारी फेऱ्या मारतात. जत्रेचेही तसेच, असे माझे हिंदू शेजारी हसत सांगतात. फेस्त असो की जत्रा, खाजे दोन्हीकडे लागते. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, छान झाले. खाजेकाराची उधारी त्याने वसूल होत नाही. १ मे रोजी आम्ही कामगार संत जोसेफचा सण पाळतो. सुतार म्हणजे छोटा धंदेवाईकच की! त्याचे बिल थकवून त्याच्यापुढे मेणबत्ती कशी लावायची?

माझी सूचना साधी आहे. फेस्ताची सर्व बिले आठ दिवसांत फेडावीत आणि हिशेब चर्चच्या नोटीस बोर्डावर लावावा. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नयेत. रविवारी मिस्सानंतर शिकलेल्या मुलांनी तासभर बसून ती करून द्यावी, कुठल्याही धर्माचा माणूस आला तरी. येताना आधार आणि पॅन कार्ड आणा, म्हणून पोदेराला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

– एक निवृत्त शिक्षक, डिचोली